दातातला आवाज

रंजना गोमा हिंदोळा हिचं तोंड तिच्या ताब्यात नाही, हे तिला एकतिसाव्या वर्षी कळलं. तेही भर मूट कोर्टात, सरकारची बाजू मांडायला उभी असताना.

एरवी ती बडबडी नव्हे. उल्हासनगरात चंदू वकिलाच्या हापिसात ती कराच्या अपिलांचे कागद तयार करते. सहा वर्षं झाली तिथं, पण दिवसभरात तिच्या तोंडून शंभर शब्द निघाले तर पुष्कळ. चंदू वकील सिंधी माणूस, एका वाक्यात मराठी सुरू करून हिंदीत संपवणारा. तो पक्षकारांना सांगायचा, "हमारी रंजनाला बोलण्यावर पण टॅक्स लागतो, साईं. म्हणून कमी बोलती है." त्यानंच मागं लागून तिला वकिलीच्या पदवीनंतर एलएलएम करायला लावलं, करविषयक कायदा घेऊन. "किती दिवस माझे कागद लिहिणार? उद्या तू खुद उभी रह." म्हणून सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ती कायद्याच्या वर्गाला बसायची. आणि शनिवार-रविवार अंबरनाथ पश्चिमेला जाऊन नाट्यशास्त्राच्या एमएला. एका वेळी दोन पदव्या करायची मुभा आल्यापासून तिनं दोन्हीकडं नाव घातलं होतं. नाटकाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनं केलं.

त्याचं मूळ तिच्या वाडीत आहे. बदलापूरच्या पुढं बारवीच्या अंगाला डोंगराच्या कुशीत चाळीसेक घरांची ठाकरवाडी. चैत्रात वाडीची जत्रा, आणि जत्रेला नाटक. दोन लुगडी शिवून पडदा, चार खांब, आणि तोंडाला चुना फासलेले बापे. राजाही बाप्या, राणीही बाप्या. यातल्या एकाही बाप्याला धड वाचता यायचं नाही. चौथीतली रंजना मात्र घडाघडा वाचायची. मग तिला वही देऊन पडद्याआड बसवली. रंगात येऊन भाषण करणारा माणूस मध्येच अडला, की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. प्रेक्षकाला ऐकू जाता कामा नये आणि अडलेल्याला ऐकू आलंच पाहिजे, असा तो आवाज. तिचा बाप गोमा नाटकात राजा व्हायचा. त्यानंच तिला शिकवलं. "घशातून बोलू नको. दातातून सोड. आन् माणूस अडला का ईचार करीत बसू नको. तू ईचार करशील तंवर त्याची इज्जत जाल."

बारा-तेरा वर्षं ती पडद्यामागं बसली. वही पहिल्या वर्षीच बाजूला पडली, कारण तिला सगळ्यांचीच भाषणं पाठ व्हायची. राजाचं, राणीचं, चोराचं, राक्षसाचं. पुढं कधी आली नाही. बाईमाणसानं जत्रेत पुढं यायचं नसतं, असं वाडीचं म्हणणं. गोमा दर वर्षी एकाच ठिकाणी अडायचा, तलवार उपसल्यावर. दर वर्षी ती पुरवायची. आणि दर वर्षी नाटक संपल्यावर तोंडाचा चुना पुसत तो म्हणायचा, "मना येत व्हतं. तू उगा बोल्लीस."

आता मूट कोर्ट. हे लटकं कोर्ट असतं, पण गुण खरे असतात. एका खोट्या खटल्यात एकानं एक बाजू घ्यायची, दुसऱ्यानं दुसरी, आणि बाहेरून आलेले परीक्षक न्यायाधीश होऊन बसतात. या वेळचा खटला असा, की एका नाटक मंडळीनं तिकिटातच जेवणाची थाळी दिली. नाटकाच्या स्वस्त तिकिटाला कर माफ, जेवणाला नाही. तर मग विकलं काय, नाटक की जेवण? रंजनाच्या वाट्याला सरकार आलं. तिनं म्हणायचं, हे जेवण आहे, कर भरा. समोर नाटक मंडळीचा वकील म्हणून वरद. चोवीस वर्षांचा, अंबरनाथचा, बापाची वकिली चालवायला निघालेला पोरगा. नियमाप्रमाणे दोघांनी लेखी युक्तिवाद आठ दिवस आधी एकमेकांना दिले होते. रंजनानं स्वतःचा पाठ केला. आणि खोड जात नाही, म्हणून वरदचाही पाठ झाला.

मंगळवारी दुपारी वरद बोलायला उभा राहिला. छान बोलला. हातवारे बरे, आवाज बरा. सहा पानं झाली आणि सातव्याच्या तोंडाशी त्याची गाडी थांबली. "तेव्हा प्रश्न असा आहे, न्यायमूर्ती महोदय..." तो म्हणाला, आणि पुढं काहीच नाही. कपाळावर घाम. नजर छताकडं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

सरकारच्या वकिलानं अशा वेळी काय करावं? गप बसावं. मनात पेढे वाटावेत.

रंजनाच्या दातातून आवाज गेला, "माणूस नाटकाला आला म्हणून जेवला. जेवायला आला म्हणून त्यानं नाटक बघितलं नाही."

वरदनं ते वाक्य अलगद उचललं, जसं गोमा उचलायचा, आणि पुढं सुसाट सुटला. रंजनाला आपण काय केलं हे कळलं ते परीक्षकांचा चेहरा बघून. म्हातारा माणूस, पण कान तिखट. त्यांनी खटला पुरा होऊ दिला. मग गुणपत्रिकेच्या खाली चार ओळी लिहिल्या, सही केली आणि निघून गेले.

बुधवारी कॉलेजातून पत्र आलं. "प्रतिपक्षाने परीक्षेत उमेदवारास उत्तर पुरवले" असा परीक्षकांचा शेरा होता. पुढच्या गुरुवारी चौकशी समितीपुढं हजर राहा. निकालापर्यंत विद्यापीठाच्या कुठल्याही परीक्षेचं हॉल तिकीट मिळणार नाही.

कुठल्याही. सगळं त्या एका शब्दात मावलं होतं. कायदा आणि नाटक, दोन्ही एकाच विद्यापीठाचं, दोन्हीकडं रंजनाचा नंबर एकच. पुढच्या शनिवारी नाटकाची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. बारा मिनिटांचं एकपात्री, एकटीनं उभं राहून. दोन वर्षं त्या बारा मिनिटांसाठी काढली होती. गैरप्रकार ठरला तर ते तर जाणारच, वर दोन वर्षं बंदी. मग एलएलएमही नाही आणि एमएही नाही.

तिनं पत्र चंदू वकिलापुढं ठेवलं. त्यानं चष्मा वर करून वाचलं, मग खाली करून वाचलं.

"बेटा, एक बात सांग. पैसे घेतले?"

"नाय."

"मुलगा आवडतो?"

"चंदूभाई, त्याचं लग्न ठरलंय. माझ्याकडं त्याचा फोन नंबर पण नाय."

"मग का बोललीस?"

"तो अडला होता."

चंदू वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चाळीस साल झाले वकिलीला," तो म्हणाला. "असा बचाव कोणी दिला नाही. आणि कोणी मानणार पण नाही. कमिटीला दुसरं काही तरी सांग."

दुसरं काय सांगायचं, हेच तिला सुचेना. वरदला गाठायचं म्हणून ती वर्गाबाहेर उभी राहिली. तो दोन मित्रांबरोबर आला. तिला बघून त्याचं हसू आवरलं गेलं.

"ताई, मला काही ऐकू आलं नाही हां," तो आधीच म्हणाला. "माझं मलाच आठवलं. मी समितीला तेच सांगणार."

"अरे, पण मग मी बोलले कुणाला?"

"ते तुम्ही बघा ना. मला कशाला ओढता त्यात?"

तिला राग यायला हवा होता. पण चुना पुसणारा बाप आठवला. अडलेला माणूस कधी कबूल करत नाही, हे तिला नववं वर्ष लागल्यापासून माहीत होतं. फक्त त्या वेळी तिचं काही जात नव्हतं.

ते आठ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. बदलापूर गावातल्या खोलीत ती विद्यापीठाची परीक्षा नियमावली घेऊन बसायची. वाचता वाचता ती पण पाठ झाली. शब्द न् शब्द. कलम सोळा, गैरप्रकार. ते डोक्यात फिरत राहायचं, दळणाच्या जात्यासारखं. हापिसात तिनं एका अपिलावर चुकीच्या पक्षकाराचं नाव घातलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. चंदू वकिलानं गुपचूप दुरुस्त केलं आणि काही बोलला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं.

रविवारी ती नाटकाच्या वर्गाला न जाता वाडीवर गेली. आई, चंद्री, ओट्यावर वाल निवडत होती. रंजनानं बापाला न कळवता सगळं तिला सांगितलं. चंद्रीला मूट कोर्ट कळलं नाही, कर कळला नाही. एवढं मात्र नेमकं कळलं.

"म्हंजे तू पुना मागून बोल्लीस."

"हो."

"आपल्याच वैऱ्याला बोल्लीस."

"हो गं."

"येडी का खुळी गो तू." चंद्रीनं वालाचा खडा उचलून अंगणात भिरकावला. "तिकडं परत कधी जाचा हाय? गुरवारी? मंग असा कर." ती आत गेली आणि मिठाच्या डबीशेजारचं फडकं घेऊन आली. त्यात सात लवंगा. "तो आवाज तुझा दातातून जातं ना? मंग दातात लवंग धरून बस. दात मिटलेलं ऱ्हातील. कुनी काय बी अडू दे, मरू दे, लवंग सोडाची नाय."

गोमा मागच्या दारातून कधी आला ते दोघींना कळलं नव्हतं. हातात कोयता, खांद्यावर लाकडाची मोळी. सगळं ऐकलं होतं त्यानं. मोळी टाकून तो नुसता बसला.

"त्यो पोऱ्या कबूल व्हतं का?" त्यानं विचारलं.

"नाय. बोलतो, मला येत होतं."

गोमा खाली बघून कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपत राहिला. "हां," तो म्हणाला. एवढंच.

गुरुवारी अकरा वाजता समितीच्या खोलीत तिघं बसले होते. मध्ये समितीच्या अध्यक्ष संध्या मॅडम, करकरीत इस्त्रीची साडी, पुढ्यात नियमावली. दोन्ही बाजूंना दोन सर, एक जाड आणि एक जांभया देणारा. डावीकडच्या खुर्चीत वरद. रंजना उजवीकडं बसली, आणि तिनं डाव्या दाढेत लवंग धरली.

"परीक्षकांनी लिहिलंय ते तुम्हाला मान्य आहे का?" संध्या मॅडमनी विचारलं.

लवंग गालात सारून रंजना म्हणाली, "हो मॅडम. मी बोलले."

"का?"

तिनं सांगितलं. वाडी, पडदा, वही, बाप. सांगतानाच तिला कळत होतं की हे या खोलीत फार विचित्र ऐकू येतंय. जाड सर हसले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

"म्हणजे सवयीनं," ते म्हणाले. "परीक्षेत प्रतिस्पर्ध्याला उत्तर. सवयीनं."

"उत्तर नव्हतं, सर. ते त्याचंच वाक्य होतं. त्याच्या लेखी युक्तिवादात सातव्या पानावर आहे, वरून तिसरी ओळ. आम्हाला एकमेकांची प्रत दिली होती. मी माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही. मागून सांगणाऱ्यानं घालायचा नसतो."

जांभया देणाऱ्या सरांनी फाइल ओढली, पान काढलं, बोटानं ओळी मोजल्या. "आहे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच नीट जागे झाले.

"असेल," संध्या मॅडम म्हणाल्या. "पण हे दोघांनी आधी ठरवलं नव्हतं, असं कशावरून? दोघांचं काही..." त्या थांबल्या. "वैयक्तिक काही आहे का?"

"नाही मॅडम," वरद घाईनं म्हणाला. "माझा साखरपुडा झालाय. आणि मला काही ऐकूच आलं नाही. माझं मलाच आठवलं."

"परीक्षकांना पाच हातांवर ऐकू आलं आणि तुम्हाला नाही?"

"माझं लक्ष युक्तिवादात होतं."

मॅडमनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा रंजनाकडं. ही काही तरी लपवते आहे की खरोखरच अशी आहे, याचा त्यांना अंदाज येत नव्हता. असे लोक त्यांनी पाहिलेले नसणार. शेवटी त्यांनी नियमावली उघडली. "नोंदीसाठी वाचून दाखवते. मग दोघांनी बाहेर थांबा. कलम सोळा. परीक्षा सुरू असताना जो उमेदवार दुसऱ्या उमेदवारास तोंडी, लेखी अथवा..."

वरच्या पंख्यानं पान उलटलं. मॅडमनी ते पकडलं, पण भलतंच पान हाताला आलं. त्यांनी मागं चाळलं, पुढं चाळलं. चष्मा नाकावरून घसरला.

रंजनानं दात घट्ट मिटले. लवंग दाढेखाली चिरडली, जिभेला झोंबली, डोळ्यांत पाणी आलं. मॅडमचं बोट पानावर भिरभिरत होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

"...खाणाखुणांनी साहाय्य करील, अथवा तसा प्रयत्न करील, असा उमेदवार," तिच्या दातांतून गेलं.

"असा उमेदवार..." मॅडमनी वाक्य उचललं आणि तिथंच थबकल्या. सावकाश मान वर केली.

आणि तेवढ्यात वरद हसला. त्याला आवरलं नाही. "हेच मॅडम! अगदी अस्संच झालं होतं, कानात येतं नुसतं आणि आपल्याला वाटतं आपल्याच..." मग आपण काय बोलतोय ते त्याला ऐकू आलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं, रिकामं.

"कानात येतं," संध्या मॅडम म्हणाल्या.

वरद बुटांकडं बघत होता. "हो मॅडम. आलं होतं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सातव्या पानावर अडलो असं सांगायचं? वडील वकील आहेत माझे."

जाड सरांनी तोंडावर रुमाल धरला. खोकला होता की आणखी काही, ते कळलं नाही. आपण आत्ता दुसऱ्यांदा तेच केलं, आणि तेही समितीपुढं, एवढंच रंजनाला कळत होतं.

दोघांना बाहेर बसवलं. व्हरांड्यात एकच बाक. दोन टोकांना दोघं. पाऊण तास आतून आवाज येत राहिले, कधी चढे कधी मंद, पण शब्द लागत नव्हता. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं हेच जिचं आयुष्यभराचं काम, तिला त्या दिवशी एक अक्षर ऐकू येईना.

"ताई," वरद मध्येच म्हणाला, "लवंगेचा वास येतोय तुमच्या तोंडाला."

"गप बस," रंजना म्हणाली.

शिपायानं आत बोलावलं. संध्या मॅडमनी उभ्यानंच सांगितलं. संगनमत दिसत नाही, म्हणून गैरप्रकार नाही. पण परीक्षेत पाळी नसताना बोलणं हा शिस्तभंग आहे. रंजनाचे मूट कोर्टचे दहा गुण कापले. पन्नासपैकी एकतीस मिळाले होते, राहिले एकवीस. पास व्हायला वीस लागतात. वरदला समितीपुढं खोटं सांगितल्याबद्दल लेखी ताकीद, आणि मूट कोर्ट पुन्हा.

"आणि हिंदोळा," मॅडम म्हणाल्या, "कोर्टात खरोखर उभ्या राहाल तेव्हा समोरच्या पक्षाला असं पुरवलंत, तर तुमचा पक्षकार तुम्हाला जोड्यानं मारेल. समजलं?"

"हो मॅडम."

"हॉल तिकीट खाली मिळेल."

खाली कारकुनानं तासभर ताटकळवलं, मग तिकीट दिलं. तिनं ते दोनदा वाचलं. नाव बरोबर होतं, तारीख शनिवारची होती. चंदू वकिलाला फोन केला तर तो म्हणाला, "एकवीस? एक मार्क जादा कशाला दिला?" आणि मग पुढं काही तरी सिंधीत म्हणाला, ते तिला कळलं नाही. आवाज मात्र खूश वाटला.

शनिवारी अंबरनाथच्या एका छोट्या नाट्यगृहात तिचा नंबर चौथा होता. आधीचे तिघं बोलत असताना ती विंगेत उभी होती, दातात लवंग धरून. तिसरी मुलगी मध्यावर अडली. पूर्ण अडली, हात हवेत तसाच. रंजनाला ते एकपात्री पाठ होतं, तीन महिने वर्गात ऐकून. तिनं दाढ दाबली. दाबून धरली. मानेची शीर उठली. मुलगी एक क्षण, दोन क्षण, तीन क्षण तशीच उभी राहिली. मग तिचं तिलाच आठवलं आणि ती पुढं गेली.

रंजनाला घाम फुटला होता. आपण न बोललो तरी माणूस पुढं जातो, हे तिनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. कारण ती कधी थांबलीच नव्हती.

"रंजना हिंदोळा," माइकवरून नाव आलं.

प्रेक्षागृहात पाच-पन्नास माणसं होती. तिसऱ्या रांगेत चंद्री, पदर डोक्यावर. तिच्या शेजारी गोमा, धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर. आपल्या पोरीला पडद्याच्या पुढं बघायला तो पहिल्यांदाच आला होता. विंगेत मागं कोणी नव्हतं. नियमच तसा होता, एकपात्रीला मागून सांगायचं नाही.

तिनं लवंग तळहातावर थुंकली, ओढणीच्या टोकाला बांधली आणि उजेडात गेली. सातव्या मिनिटाला ती अडली. तलवार उपसायची जागा नव्हती, पण अडली तशीच, नेमकी. खाली अंधारात कोणी तरी हललं. तिनं बघितलं तर गोमा खुर्चीत पुढं सरकला होता आणि त्याचे ओठ हलत होते. काय सांगत होता देव जाणे. त्याला त्यातलं एक वाक्य माहीत नव्हतं.

तिनं श्वास घेतला, आणि पुढचं वाक्य तिचं तिला आलं.

घरी जाताना रिक्षात गोमा म्हणाला, "मधी अडली व्हतीस."

"मला येत होतं," रंजना म्हणाली.